तांब्याची तार जाते, सोबत काय काय जाते?

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत आणि रविवार कारंजाच्या बाजारपेठेत एकेकाळी दुकानाच्या पाटीवर फोन नंबर असणे ही धंद्याची पत होती. त्या फोनची तांब्याची तार आता जुनी झाली. पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरते, रस्ता खोदला की केबल तुटते, उरलेले तांबे चोर नेतात. तिच्या जागी फायबर येत आहे. ते यावेच, जुन्याला कवटाळून बसणे हा आमचा धर्म नाही. पण या बदलाचा हिशेब मांडलाच पाहिजे.

पहिला हिशेब विजेचा. जुन्या फोनला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्टची वीज मिळे. म्हणून वस्तीत अंधार झाला तरी फोन वाजत असे. फायबरच्या डब्याला दुकानातली वीज लागते. ती गेली की फोन मुका. मोठा कारखानदार जनरेटर लावील. पिठाची गिरणी, वेल्डिंगचे वर्कशॉप, झेरॉक्सचे दुकान चालविणाऱ्या आमच्या बांधवांनी काय करावे? त्यांनी डब्यासोबत बॅटरीची सोय करून घ्यावी. जुना नंबर कायम राहील असे लेखी घ्यावे. ईपीएबीएक्स, फॅक्स, चोरघंटी नव्या लाइनवर चालवून दाखविल्याशिवाय जुनी लाइन तोडू देऊ नये.

दुसरा हिशेब माणसांचा, आणि तो अधिक गंभीर आहे. १ ऑक्टोबर २००० रोजी सरकारी खात्यातून भारत संचार निगम निघाले. मालकी सरकारचीच असल्याने आरक्षण टिकले. खात्यात आणि निगमात लाइनमन, ऑपरेटर, क्लार्क म्हणून लागलेल्या आमच्या माणसांनी त्या पगारावर घरे उभी केली, मुले शिकविली. ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी देशभरातील सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. आज चर खोदण्यापासून फायबर जोडण्यापर्यंतचे बरेचसे काम ठेकेदारांकडे आहे. ठेकेदाराला ना बिंदुनामावली, ना अनुशेष. राज्यघटनेच्या एका अक्षराला हात न लावता आरक्षण असे संपविले जाते!

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींना राखीव जागा मिळाल्या त्या याच काळात, १९४३ साली. यंत्राला त्यांचा विरोध नव्हता. यंत्राचा लाभ मूठभरांनी लाटावा याला होता.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या ठेक्याच्या कामातही आरक्षण लागू करा. आणि आमच्या तरुणांना सांगणे आहे : चर खोदण्याच्या मजुरीवर समाधान मानू नका. फायबर जोडण्याचे तंत्र शिका, संस्था काढा, ठेका मागा. तार त्यांची आणि कुदळ आमची, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.