ऐन शर्यतीत घाई झाली तर?

चारचौघांत ज्याचे नाव काढायचे नाही, अशा विषयावर आज लिहितो आहे. धावताना किंवा सामना ऐन रंगात असताना खेळाडूला अचानक शौचाची वा लघवीची घाई होते, त्याविषयी. वाचकहो, हा हसण्यावारी नेण्याचा विषय नाही.

२००५ सालच्या लंडन मॅरेथॉनमध्ये ब्रिटनची पॉला रॅडक्लिफ आघाडीवर होती. शेवटचे काही किलोमीटर उरले असताना पोटातली कळ असह्य झाली. ती प्रेक्षकांदेखत रस्त्याच्या कडेला बसली, मोकळी झाली आणि पुन्हा धावू लागली. २ तास १७ मिनिटे ४२ सेकंदांत तिने शर्यत जिंकली! २०१७ मध्ये इटलीतील मोठ्या सायकल शर्यतीत आघाडीवरचा टॉम ड्युमूलन असाच रस्त्याकडेला उतरला. दोन मिनिटांहून अधिक वेळ गमावूनही अखेर तोच विजयी झाला.

असे का होते? जोरात धावताना रक्ताचा मोठा हिस्सा पायांच्या स्नायूंकडे वळतो आणि आतड्यांचा पुरवठा घटतो. त्यातच सतत हादरे बसतात. स्पर्धेच्या धास्तीनेही आतड्यांची हालचाल वाढते. म्हणजे हा खेळाडूचा कमकुवतपणा नव्हे, शरीराचा धर्म आहे.

यावर काही साधे उपाय आहेत. स्पर्धेच्या आदल्या रात्री उसळी, तिखट-तेलकट पदार्थ आणि पोटभर जेवण टाळावे. सकाळी दोन-तीन तास आधी सवयीचे हलके खाणे घ्यावे. दूध किंवा कडक चहा-कॉफी सोसत नसेल, तर त्या दिवशी घेऊ नये. नवा पदार्थ किंवा नवे पेय स्पर्धेच्या दिवशी प्रथमच घेणे तर टाळावेच. रोज ठरावीक वेळी शौचाला जाण्याची सवय असावी. जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या मनाने घेऊन उन्हात धावणे धोक्याचे आहे. शौचावाटे रक्त गेले किंवा हा त्रास वारंवार होऊ लागला, तर डॉक्टरांना दाखवावे.

पण माझे खरे म्हणणे पुढेच आहे. तालुक्याच्या शालेय स्पर्धांना डॉक्टर म्हणून मी पुष्कळ वर्षे जातो. चक्कर येऊन पडलेल्या मुलीला "पाणी किती प्यालीस?" असे विचारले, की ती खाली मान घालते. सोबतची मैत्रीण हळूच सांगते, "सर, पाणी प्यालं की जावं लागतं, आणि इथे जायचं कुठे?" मैदानावर मंडप असतो, ध्वनिक्षेपक असतो, पाहुण्यांसाठी हार असतात, मुलींसाठी आडोसा मात्र नसतो. मुलगे भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. मुली सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोरड्या घशाने खेळतात. उन्हात पाणी न पिणे आणि लघवी तुंबवून ठेवणे, यांतून चक्कर, पेटके, लघवीची जळजळ आणि जंतुसंसर्ग होतो. पाळीच्या दिवसांत तर हाल विचारू नका. पुढच्या वर्षी ती मुलगी नावच देत नाही आणि आपण म्हणतो, मुलींना खेळाची आवड नाही!

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींचेही तेच. आठशे मीटर धावण्याआधी तासन्‌तास रांगेत थांबायचे असते. त्यासाठी त्या आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात. हे सरावाचे नव्हे, सोयीचे अपयश आहे.

माझे स्पष्ट मत आहे, की स्वच्छतागृह आणि पाणी यांची सोय नसेल, तर त्या मैदानावर स्पर्धेला परवानगीच देऊ नये. ढाल-करंडकांचा खर्च थोडा कमी करून दोन फिरती स्वच्छतागृहे भाड्याने आणावीत. तेही जमत नसेल, तर जवळच्या शाळेचे कुलूप उघडून घ्यावे. क्रीडाशिक्षकांनी, "सर, जाऊन येऊ?" असे विचारणाऱ्या मुलावर डोळे वटारू नयेत. आणि पालकांनो, मुलीला स्पर्धेला पाठवताना केवळ बूट चांगले आहेत ना एवढेच पाहू नका. तिथे संडास आहे का, हेही आयोजकांना मोकळेपणाने विचारा.