जठराच्या कर्करोगात ग्रंथी किती काढाव्यात?

काही वर्षांपूर्वी नांदेड जिल्ह्यातील एका शेतकऱ्याचा मुलगा वडिलांच्या जठर-शस्त्रक्रियेचा पॅथॉलॉजी अहवाल घेऊन माझ्याकडे आला. "डॉक्टरसाहेब, गाठी साफ आहेत ना?" अहवालात चार लसीकाग्रंथी तपासल्याची व चारही निर्दोष असल्याची नोंद होती. मी होकार दिला आणि रसायन कल्प सुरू केले. दहा महिन्यांनी रुग्ण जलोदर घेऊन परतला. किमान १६ ग्रंथी तपासल्याविना असा निर्वाळा देता येत नाही, हे मला ठाऊक नव्हते. चूक माझी होती.

आपल्या वैद्यबंधूंत याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. 'शस्त्र लागले की रोग पसरतो' हे पहिले. ते निराधार आहे. दुसरे मत सुश्रुताचा आधार घेते. अर्बुद सशेष राहिल्यास पुन्हा उद्भवते, असे चिकित्सास्थानाच्या अठराव्या अध्यायात सांगितले आहे. तेव्हा जेवढे निघेल तेवढे काढावे. हे तत्त्व खरे, परंतु त्याला सीमा आहे.

केवळ जठरालगतच्या ग्रंथी काढणे म्हणजे डी-१. जठराला रक्त पुरविणाऱ्या मुख्य धमन्यांच्या कडेच्याही काढणे म्हणजे डी-२. हॉलंडमध्ये १९८९ ते १९९३ या काळात दोन्हींची तुलना झाली. डी-२ गटात शस्त्रक्रियेशी निगडित मृत्यू १० टक्के, तर डी-१ गटात ४ टक्के होते. डी-२ गटातील अनेकांची प्लीहा व स्वादुपिंडाचे पुच्छही काढले गेले होते, हे त्याचे एक मोठे कारण. मात्र १५ वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २०१० मध्ये आले, तेव्हा कर्करोगाने झालेले मृत्यू डी-२ गटात ३७ व डी-१ गटात ४८ टक्के आढळले. जपानी शल्यविशारदांनी त्याही पुढे जाऊन महाधमनीलगतच्या ग्रंथी काढून पाहिल्या. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ५२३ रुग्णांच्या अभ्यासात पाच वर्षे जगलेल्यांचे प्रमाण केवळ डी-२ केलेल्यांत ६९.२ टक्के, तर अधिक ग्रंथी काढलेल्यांत ७०.३ टक्के होते. म्हणजे लाभ नाहीच.

सारांश, स्थानिक पातळीवर वाढलेल्या रोगात 'निःशेष' याचा अर्थ प्लीहा व स्वादुपिंड शक्यतो राखून, सरावलेल्या हाताने केलेली डी-२. यकृतात वा उदरावरणात रोग पसरला असल्यास ग्रंथी काढण्याचा खटाटोप व्यर्थ होय. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील शल्यविशारदांनी २०१३ मध्ये, आधी केमोथेरपी दिलेल्या रुग्णांतही डी-२ सुरक्षित असल्याचे मांडले. (केमोथेरपीस 'रसायनोपचार' म्हणू नये, रुग्ण आपल्या रसायनाशी घोटाळा करतात.)

नांदेड-लातूरचा रुग्ण घराजवळ व लवकर शस्त्रक्रिया व्हावी असे म्हणतो. त्यात गैर काही नाही. येथेही निष्णात शल्यचिकित्सक आहेत. तथापि 'डी-२ करता का आणि वर्षाकाठी अशा किती करता?' एवढे विचारण्यास नातेवाइकांना धीर देणे आपले काम आहे. उत्तर समाधानकारक नसेल तर देवगिरी एक्स्प्रेसने संभाजीनगर वा मुंबई गाठावी, असे मी स्पष्ट सांगतो. औषधविक्रेत्यांनाही विनंती आहे की, शस्त्रक्रियेची तारीख मिळालेल्या रुग्णास 'आधी गाठ विरघळवणारा' काढा देऊन थांबवू नये.

आता अहवाल हाती आला की मी प्रथम ग्रंथींची संख्या पाहतो. ती १६ पेक्षा कमी असेल, तर काढलेल्या भागात आणखी ग्रंथी शोधता येतील का, हे विचारण्यासाठी नातेवाइकांना पॅथॉलॉजिस्टकडे परत पाठवितो.