उरलेले सहा दिवस

रविवारी उपासनेला हजेरी लावली, घरात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना केली, उत्पन्नाचा दशमांश दिला की ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य पुरे झाले, असे मानणारे आपल्या मंडळ्यांत पुष्कळ आहेत. सवयीने चालणारी माणसे म्हणून त्यांना बाजूला सारता येणार नाही, कारण त्यांच्यापाशी सिद्धांत आहे. तारण कृपेने मिळते, कर्माने नव्हे. मग दुकानात, शेतात, कचेरीत मी कसा वागतो यावर माझा विश्वास तोलू लागाल, तर येशूने मोडलेले कर्मकांडच पुन्हा उभे कराल, असे ते म्हणतात. हा सिद्धांत मला मान्य आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र साफ अमान्य आहे. मजुरीचा हिशेब, घरातली कामाची वाटणी, मुलांच्या सोयरिकी ठरवताना विचारले जाणारे प्रश्न, ही विश्वासाची जागा आहे. तिथे तो आढळला नाही, तर उपासनेत तो आहे असे म्हणायला आधार उरत नाही.

कृपेचा सिद्धांत ज्याने मांडला त्या पौलाचीच पत्रे पाहा. रोमकरांस लिहिलेल्या पत्राचे पहिले अकरा अध्याय कृपा, विश्वास आणि देवाची निवड यांचा कसून ऊहापोह करतात. बाराव्या अध्यायापासून तोच पौल पाहुणचार, कर, फेडायची देणी, शत्रूची भूक आणि एकमेकांच्या ताटातले अन्न यांवर बोलू लागतो. इफिसकरांस पत्रात तर कृपेने तारण झाल्याचे सांगून लगेच तो म्हणतो की आपली घडण सत्कृत्यांसाठी झाली आहे. यावर लूथरचा दाखला ठरलेला असतो: कर्मावाचून विश्वास मेलेला म्हणणाऱ्या याकोबाच्या पत्राला त्याने पेंढ्याचे पत्र म्हटले होते. म्हटले होते, खरे. १५२२ साली छापलेल्या नव्या कराराच्या प्रस्तावनेत. पण त्याच साली रोमकरांस पत्राला जोडलेल्या प्रस्तावनेत विश्वास ही जिवंत, सतत कामाला लागलेली गोष्ट आहे आणि भले केल्यावाचून तिला राहवत नाही, असे त्यानेच लिहिले. लूथरचा राग कर्माच्या मोबदल्यात स्वर्ग विकत घेण्यावर होता, कर्मावर नव्हता.

रविवारचेच घेऊ, कारण या पक्षाचा सगळा भार त्याच दिवसावर आहे. ख्रिस्ती रविवाराने विसाव्याची कल्पना ज्या शब्बाथाकडून घेतली, त्याची आज्ञा दहा आज्ञांमध्ये बारकाईने दिलेली आहे. विसावा फक्त घरधन्याला सांगितलेला नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आत राहणारा परका, अशी यादीच आहे. अनुवादाच्या पुस्तकात कारणही दिले आहे: तुम्ही स्वतः मिसर देशात दास होता, हे विसरू नका. म्हणजे उपासनेचा दिवस मुळातच मजुराच्या सुट्टीशी बांधलेला आहे. आपण भक्तिभावाने मंदिरात बसलेलो असताना घरकामाच्या मावशी आपल्या ओट्यापाशी भांडी घासत असतील, किंवा त्यांच्या रविवारच्या खाड्याचे पैसे आपण कापत असू, तर ती आज्ञा पाळली जात नाही. शनिवारपर्यंतचा व्यवहार आणि रविवारची भक्ती वेगळी काढायची सोय शास्त्राने ठेवलेलीच नाही.

दुसरा आक्षेप बाहेरून येतो आणि तो जास्त बोचरा आहे. ख्रिस्ती माणसाची सेवा म्हणजे धर्मांतराचे आमिष, हा तो आक्षेप. महाराष्ट्रात त्याला इतिहास आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली काढलेल्या शारदा सदनातल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या तेव्हा केसरीने कडक टीका केली आणि १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारखे सहानुभूती असलेले सल्लागारही बाजूला झाले. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींमुळे रमाबाईंचे केडगावचे मुक्ती सदन वाढले आणि तिथे मोठ्या प्रमाणावर बाप्तिस्मे झाले. उपाशी मुलीची निवड कितपत मोकळी असते, हा प्रश्न रास्त आहे आणि ख्रिस्ती लोकांनी तो टाळू नये. पण संख्या वाढवणे एवढाच हेतू असता, तर जेवण आणि बाप्तिस्मा यांवर भागले असते. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवण्याची, समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन चालवण्याची, हातमाग, शेती, छापखाना यांतून मुलींना स्वतःच्या कमाईवर उभे करण्याची गरज पडली नसती. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे मुक्तीतल्या स्त्रियांनीच जुळवले. आणि अट घालून दिलेली भाकर हे मुळात ख्रिस्ती आचरणच नव्हे. येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला एकच परतला. उरलेल्या नऊ जणांचे आरोग्य त्याने काढून घेतले नाही. दयाळू शोमरोनी जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओततो, उतारशाळेच्या मालकाच्या हातावर दोन नाणी ठेवतो, जादा खर्च झाला तर परतताना देईन म्हणून सांगतो. जखमी माणसाचा धर्म तो विचारत नाही.

धर्माने सार्वजनिक भानगडीत पडू नये, या म्हणण्याचा निकालही याच माणसांच्या आचरणाने लागतो. रमाबाईंनी १८९७ साली पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांच्या होणाऱ्या हालांविषयी मुंबईच्या एका इंग्रजी पत्रात जाहीरपणे लिहिले. राज्यकर्ते ख्रिस्ती आहेत म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या चळवळीत उतरले, कारण ज्या धर्मग्रामात ते मिस्सा अर्पण करत तिथल्या बागा आणि विहिरींवरच घाला आला होता. शेजाऱ्यावर प्रीती करायची आणि त्याची विहीर आटताना पाहत बसायचे, हे एका जागी कसे राहावे?

राहता राहिला सामान्य पगारदार माणसाचा प्रश्न: त्याने किती करायचे? त्याच्याकडून मुक्ती सदन कोणी मागत नाही. लेवीयच्या पुस्तकातला नियम त्याच्या ऐपतीत बसणारा आहे: पीक कापताना शेताच्या कडेकोपऱ्यातले गरिबासाठी उभे ठेवायचे. मुलीचे स्थळ बघताना मूळची जात विचारायची नाही, याला तर पैसाही लागत नाही; तरी बाप्तिस्म्याला तीन पिढ्या उलटलेल्या घरांतही तो प्रश्न अजून विचारला जातो, आणि याची लाज मंडळीने उघड बाळगली पाहिजे. पैशाचे म्हणाल, तर महिन्याच्या पहिल्या तारखेला ज्या घरात दशमांशाचे पाकीट बाजूला निघते, तिथे मावशींचा पगार दहा तारखेपर्यंत रेंगाळत असल्यास त्या पाकिटातून आधी त्यांचे पैसे चुकते करावेत. मंडळीला आठवडाभर उशिराने मिळाले तरी चालेल. भावाचे आपल्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपुढेच ठेवून आधी त्याच्याकडे जायचे आणि मग परत यायचे, हा क्रम डोंगरावरच्या प्रवचनात येशूनेच लावून दिला आहे.