डळमळत्या ट्रायपॉडची चौकशी

अल्प किमतीचा ट्रायपॉड स्थिर राहत नाही, ही आमच्या व्यवसायबंधूंची तक्रार जुनीच आहे. परंतु नव्या खरेदीची तजवीज करण्यापूर्वी कंप नेमका कोणत्या सांध्यातून शिरतो याची रीतसर चौकशी होणे आम्हांस अगत्याचे वाटते, कारण पाय, मधला दांडा आणि हेड यांचे दोष निरनिराळे असून त्यांचे उपायही निरनिराळे आहेत.

चौकशीस खर्च काहीच नाही. कॅमेरा चढवून लाइव्ह व्ह्यूमधील प्रतिमा दहापट मोठी करावी, दूरच्या एखाद्या दुकानाच्या पाटीवरील अक्षर पडद्यावर धरावे आणि लेन्सच्या टोकावर बोटाने हलकी टिचकी मारून ते अक्षर किती वेळाने स्थिरावते हे पाहावे. मग मधला दांडा पूर्ण खाली बसवून, त्यानंतर पायांचे शेवटचे, सर्वांत बारीक भाग आत सारून, हीच परीक्षा पुन्हा घ्यावी. उंचीच्या मोहापायी वर ओढलेला दांडा हाच बहुधा मुख्य अपराधी निघतो. क्लिपा सैल असतील तर त्यांचे स्क्रू आवळावेत; कोकणच्या किनाऱ्यावरून परतल्यावर पाय गोड्या पाण्याने धुण्याचा आळस करणाऱ्यांनी मात्र फिर्याद गुदरू नये.

कित्येकदा ट्रायपॉड निर्दोष असूनही ठपका त्याच्यावर येतो. डीएसएलआरमधील आरशाच्या उसळीचा उपद्रव साधारणतः १/३० ते १/२ सेकंदाच्या उद्भासनात विशेष जाणवतो, तर तीस सेकंदांच्या चित्रात तोच कंप नगण्य ठरतो. म्हणून आरसा आधी उचलून ठेवावा, आणि दोन सेकंदांचा टायमर हलक्या ट्रायपॉडला अपुरा पडत असल्यास दहाचा लावावा. लग्नमंडपातील फळ्यांच्या मंचावर तर वऱ्हाडी मंडळींचा वावर सुरू झाला की महागडा ट्रायपॉडही डोलतो. तेथे मंचाखाली उतरणे हाच मार्ग.

वाऱ्याचे प्रकरण वेगळे आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दांड्याच्या हुकास बॅग टांगण्याचा शिरस्ता चांगला खरा, पण अधांतरी बॅग वाऱ्याने झुलू लागली की ती स्वतःच कंप निर्माण करते. यास्तव तिचा तळ जमिनीस टेकलेला आणि पट्टा ताणलेला असावा.

एवढे करूनही पडद्यावरील अक्षर शांत होत नसेल, तर दोष हेडचा समजावा. ते ३/८ इंची स्क्रूवर बसविलेले असल्यास केवळ हेड बदलून पाय कामी आणता येतात. कायमचे जोडलेल्या प्लास्टिकच्या हेडला मात्र इलाज नाही, आणि त्यावर टेलिफोटो चढविणे हा निव्वळ अविचार होय. खरेदीस जाताना आपली सर्वांत जड लेन्स बरोबर न्यावी. खोक्यावर छापलेला भारक्षमतेचा आकडा ट्रायपॉड किती वजन तोलतो एवढेच सांगतो, कंप किती लवकर शमवितो याविषयी तो मौन पाळतो. दुकानदार टिचकी मारू देत नसेल, तर पुढच्या दुकानात जावे.