रंगाखाली झाकलेली माणसे

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात 159 कौंट्या आहेत. कौंटी म्हणजे कारभारापुरता आपल्या जिल्ह्यासारखा, पण विस्ताराने बहुधा तालुक्याएवढाच घटक. दर शिरगणतीनंतर या कौंट्यांचे वंशवार नकाशे निघतात. जेथे गोरे अधिक तेथे एक रंग, जेथे कृष्णवर्णीय अधिक तेथे दुसरा. असे नकाशे पुढे करून ‘हा मुलूख यांचा, तो त्यांचा’ असे ठासून सांगणाऱ्यांशी आमचा सरळ वाद आहे.

2020 च्या शिरगणतीत ग्विनेट कौंटीत 9,57,062 माणसे होती. गोरे, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, आशियाई यांपैकी कोणीही तेथे निम्म्यावर नव्हते. तरी नकाशा तिला एकच रंग देतो. ओकेफिनोकीच्या दलदलीला भिडलेल्या क्लिंच कौंटीत माणसे 6,749, भूभाग मात्र ग्विनेटच्या जवळजवळ दुप्पट. साहजिकच डोळ्यांत भरते ती क्लिंच. पाइनच्या झाडांचीही शिरगणती झाली असती तर गोष्ट वेगळी!

ही चित्रकाराची चूक म्हणून सोडून द्यावी काय? जॉर्जियात हीच चूक एकेकाळी कायदा होऊन बसली होती. 1917 च्या कायद्यानुसार डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरविताना माणसांची मते नव्हे, कौंट्यांची मते निर्णायक ठरत. सर्वांत मोठ्या आठ कौंट्यांना प्रत्येकी 6 मते, पुढील तीसांना 4, उरलेल्या साऱ्यांना 2. त्या काळी या पक्षाची उमेदवारी मिळाली की माणूस निवडून आल्यातच जमा असे. 1960 मध्ये अटलांटा शहर जिच्यात येते त्या फुल्टन कौंटीची वस्ती होती 5,56,326. एकोल्स, ग्लॅस्कॉक व क्विटमन या तिघींची मिळून 6,980. दोन्ही पारड्यांत वजन सारखेच, सहा! शहरातील मतदार, त्यांत कृष्णवर्णीयही आले, यात चिरडला गेला. 1963 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत मोडीत काढली, तोवर कित्येक निवडणुका होऊन गेल्या होत्या.

मध्य जॉर्जियातील कृष्णवर्णीय वस्तीचा पट्टाही कोणा निसर्गाने आखलेला नाही. कापसाच्या मळ्यांसाठी तेथे गुलाम नेले गेले. 1860 मध्ये राज्यभरात ते 4,62,198 होते. नकाशावर मळेवाला कोठे दिसतो?

आणि ज्या नावांनी हे रंग भरतात त्यांची तरी काय शाश्वती? 1920 ते 1940 च्या अमेरिकन शिरगणतींत ‘हिंदू’ हा एक वंश होता. मूळचा भारतीय, मग तो शीख असो, मुसलमान असो की आपल्या वसईचा ख्रिस्ती असो, रकाना हाच. 1970 मध्ये भारतीयांना गोऱ्यांत धरले. 1980 मध्ये त्यांना ‘एशियन इंडियन’ हा निराळा रकाना मिळाला. माणूस तोच, रकाने मात्र फिरते.

नकाशे काढूच नयेत असे आम्ही म्हणत नाही. शंभर माणसांमागे एक ठिपका द्यावा, ज्याचा त्याचा रंग द्यावा, एवढेच मागणे आहे. मग ओकेफिनोकीची दलदल कोरी राहील आणि ग्विनेटवर चारही रंगांची दाटी होईल.