अनुभवी दलाल पाहिजे!

घर घेताना, घर विकताना अनुभवी एजंट निवडा. हा सल्ला पेणच्या स्टँडबाहेरच्या बोर्डापासून तुमच्या हातातल्या मोबाईलपर्यंत सगळीकडे फुकट मिळतो. फोटोत टाय लावलेला बाप्या, खाली लिहिलेलं, वीस वर्षांचा अनुभव. दोस्तांनो, अनुभव कसला ते विचारलंय कधी कुणी? खिसेकापूसुद्धा अनुभवीच असतो.

२०२४ च्या जानेवारीत अटल सेतू सुरू झाला आणि पेण म्हणे मुंबईच्या दारात आलं. गणपतीच्या मूर्तींचं गाव हे. आता मूर्तीच्या कारखान्याशेजारी प्लॉटचं ऑफिस. आत एसी, भिंतीवर लक्ष्मी, आणि गिऱ्हाईक बघून टेबलावर ठेवायला ड्रॉवरमध्ये बाबासाहेबसुद्धा तयार.

मी नि बायको वन रूम किचन बघायला गेलो होतो. फोनवर एजंट नुसती साखर. ‘या की साहेब, चावी माझ्याकडेच आहे.’ गेलो. आडनाव सांगितलं. आमचं आडनाव मराठ्यांतही आहे आणि आमच्यातही. इथंच त्याचा अनुभव कामाला आला.

‘म्हणजे कुठले तुम्ही?’

रोहा तालुका.

‘ते झालं. गावात कुठली आळी?’

बौद्धवाडी, मी म्हणालो. लपवायला बापानं शिकवलं नाही.

झालं, चावी हरवली. मालक अचानक पुण्याला गेला. तासाभरानं बायकोच्या मैत्रिणीनं, तिच्या जोशी आडनावानं, त्याच नंबरला फोन लावला तर चावी सापडली आणि मालकही परत आला! याला म्हणतात अनुभव. मालकानं स्वतःच्या तोंडानं ‘तुम्ही नको’ म्हणून तोंड विटाळू नये, म्हणून मध्ये ठेवलेला माणूस हा. दोन टक्के त्याचेच घेतो.

कायदा आहे ना, कुणी म्हणेल. आहे. २०१६ चा रेरा कायदा, महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून पुरता लागू. नोंदणी झालेल्या प्रकल्पातला फ्लॅट किंवा प्लॉट विकायचा तर एजंटाचीही नोंदणी पाहिजे, तिचा नंबर इंग्रजी ‘ए’नं सुरू होतो. २०२३ पासून महारेरानं एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा लावलीय. चांगलं आहे, वापरा. पण एकाचं जुनं घर दुसऱ्यानं घ्यायचं, तिथं या नोंदणीची सक्ती नाही. आणि गिऱ्हाईकाची आळी विचारणाऱ्या एजंटाचं काय करायचं, ते कलम मी त्या कायद्यात शोधलं. सापडलं नाही.

हे घेण्याचं झालं. विकण्याची गोष्ट याहून काळी आहे.

रोह्याला धाटावच्या एमआयडीसीच्या अलीकडे माझ्या चुलत्याची अठरा गुंठे जमीन आहे. महार वतनाची. शहरातल्या पोरांना वतन म्हणजे काहीतरी मानाची चीज वाटते. अरे, ती गावकीच्या गुलामीची भाकर होती. मढ्याची खबर पोचवा, सरकारी साहेबाच्या घोड्यापुढं पळा, आणि बदल्यात हा तुकडा कसा. ते जोखड मोडायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बिल आणलं होतं. वतन कायद्यानं संपायला १९५८ उजाडलं. मग आकाराच्या तिप्पट पैसे भरून घेऊन तीच जमीन वतनदाराला परत दिली, पण नव्या शर्तीवर. सातबाऱ्यावर आज तिला भोगवटादार वर्ग दोन म्हणतात. कलेक्टरच्या परवानगीशिवाय, नजराणा भरल्याशिवाय विकता येत नाही.

या एका ओळीवर दलाल जगतात. चुलत्याला सांगितलं, ‘काका, ही जमीन विकतच नाही, मातीमोल आहे. मीच काहीतरी करतो. हे पन्नास हजार ठेवा, इथं सही करा.’ ती सही म्हणजे कुलमुखत्यारपत्र. एकदा दिलं की परवानगी तो काढणार, नजराणा तो भरणार, गिऱ्हाईक तो आणणार, भाव तो ठरवणार. आणि चुलत्याला पुढं एखाद्या दिवशी कुंपण दिसणार. २०२५ साली पुण्याच्या मुंढव्याचं प्रकरण पेपरात गाजलं. सुमारे चाळीस एकर, महार वतनाचीच, सरकारच्या नावावर असलेली जमीन. तिथंही व्यवहाराला कुलमुखत्यारपत्रच होतं. फरक एवढाच की तिथं आकडा मोठा, म्हणून बोंब झाली. अठरा गुंठ्यांची बोंब कोण मारतो?

आणि हा रोह्याचा एजंट कोण? बामण नाही, शेठ नाही, खोताचा नातूही नाही. आपलाच आहे! चौदा एप्रिलला मिरवणुकीत पुढं नाचतो. वीस मार्चला महाडला बॅनर लावतो, चवदार तळ्याच्या क्रांतिवीरांना अभिवादन, खाली स्वतःचा फोटो, नंबर, आणि ‘जमीन खरेदी-विक्री’. वतनाची कुठली जमीन कुणाकडे आहे, कुणाचा पोरगा दारू पितो, कुणाच्या घरात लग्न निघालंय, हे बाहेरच्या दलालाला माहीत नसतं. याला माहीत असतं. वाडीतच वाढलाय ना. पेणच्या त्या साखरतोंड्यापेक्षा माझा राग याच्यावर जास्त आहे. त्यानं माझं दार लावलं. हा आमचंच घर आतून विकतोय.

मग दलालच नको? तसं म्हणून भागत नाही. माझा चुलता सातवी शिकलेला, तहसीलला गेला तर शिपाई बसायला सांगत नाही. माहितगार माणूस लागतोच. पण त्याला वर्षं किती झाली ते नका विचारू. मागच्या तीन व्यवहारांची सूची दोन दाखव म्हणा, ती सरकारी दप्तरात असते. पैसे माझ्याकडून घेतोस की समोरच्याकडूनही, ते कागदावर दे. आमच्या नावाचा सातबारा आणि जुने फेरफार आम्हाला वाचून दाखव, ‘किरकोळ आहे’ म्हणून पान उलटू नकोस. आणि मुखत्यारपत्राचं नाव काढलं की उठून चालायचं. बारा-पंधरा वर्षं शिकून ग्रामसभेच्या नोटिशीपलीकडे वाचता न येणारे आपण, आपल्यातली दहा पोरं महारेराची परीक्षा का देत नाहीत? द्या. पण मग त्यांचीही सूची दोन आपण मागायची. निळा गमछा बघून सोडायचं नाही.

चुलत्यानं पन्नास हजार अजून घेतलेले नाहीत. कागद ट्रंकेत आहे, सही बाकी आहे. सोमवारी मी जुने फेरफार काढायला रोहा तहसीलला जातोय. ज्याला वाचता येतं आणि सुट्टी मिळते, त्यानं दिव्याहून रोह्याची सकाळची गाडी पकडावी. मी पुढच्या डब्यात असेन.