किल्ली फिरवायला कोणी नाही!



नाशिकहून सातवीतल्या एका वाचकाचं पत्र आलंय. चांगलं चार पानी! मुद्द्याचं तेवढं सांगतो. बाबांच्या गाडीसाठी मामानं रिमोट स्टार्टर आणलाय. गॅलरीतून बटण दाबलं की गाडी आपोआप सुरू व्हायची, आपण खाली पोचेपर्यंत आत एसीनं गारेगार. पेटीतून नऊ वायरी निघतात. मामा म्हणतो, रविवारी आपणच जोडू. आई म्हणते, मुळीच नको. ‘काका, बरोबर कोण?’

मामा आणि आईच्या भांडणात शहाण्यानं पडू नये. या वेळी मात्र पडतो.

आधी जरा मागं जाऊ. जुन्या जीपच्या पुढच्या बंपरला एक भोक असायचं. आजोबांना विचारा, त्यांना आठवत असेल. त्यात लोखंडी हँडल घालून गरकन फिरवलं की इंजिन धडधडायला लागायचं. कधी हँडल उलटा झटका द्यायचं आणि मनगट मोडायचं. गाडी चुकून गिअरमध्ये राहिलेली असली तर ती समोर उभ्या असलेल्या माणसाच्याच अंगावर यायची! अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांना तो बसवला गेला. आपले गॅरेजवाले त्यालाच ‘सेल्फ’ म्हणतात. हँडल गेलं, किल्ली आली. किल्ली फिरवणारा माणूस मात्र गाडीत बसलेला असायचा. रिमोट स्टार्टरनं त्यालाच उठवलंय.

आता बाबांना गाडीत बसवा आणि किल्ली अगदी सावकाश फिरवायला सांगा. पहिल्या खटक्याला रेडिओ लागतो. दुसऱ्याला समोरचे दिवे लागतात आणि इंजिनाला वीज मिळते. तिसऱ्याला सेल्फ फिरतो आणि तेवढ्यापुरता रेडिओ गप्प होतो. सगळी ताकद सेल्फला हवी असते ना! इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला की बाबा किल्ली सोडतात आणि ती आपण होऊन दुसऱ्या खटक्यावर परत येते.

रिमोटची पेटी हुबेहूब हीच नक्कल करते. बॅटरीची वीज घेते आणि किल्लीमागच्या तीन वायरींना ती ठरल्या क्रमानं देते. डिझेलची गाडी असेल तर मध्ये हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबते. पण इंजिन सुरू झालं हे तिला कसं कळतं? तिला कान कुठेत? ती व्होल्ट मोजते. नुसत्या बॅटरीचे साधारण साडेबारा व्होल्ट असतात. इंजिन फिरू लागलं की अल्टरनेटर बॅटरी चार्ज करू लागतो आणि आकडा चौदाच्या आसपास जातो. तो चढला रे चढला की पेटी सेल्फ सोडते. उशीर केला तर दात्यांची करकर ऐकायला मिळते.

या पेटीत टक्‌ टक्‌ वाजतात ते रिले. आतल्या तारेच्या वेटोळ्यातून इवलीशी वीज गेली की त्याचं लोहचुंबक होतं, ते एक पट्टी ओढून घेतं आणि मोठ्या विजेची वाट मोकळी होते. घरातल्या पंख्याला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही. सेल्फ शंभराच्या वर अँपिअर ओढतो. तेवढी वीज नाजूक बटणातून नेली तर बटणाचा कोळसाच.

आता मोजा. बॅटरीची एक, खटक्यांच्या तीन आणि बॉडीला अर्थ द्यायची एक. झाल्या पाच. एवढ्या जोडल्या की गाडी सुरू होते, मामा टाळी मागतो आणि उरलेल्या चार वायरींना टेप गुंडाळला जातो. ‘नंतर बघू!’

त्या चार कोणत्या? ब्रेकची, बॉनेटची, हँडब्रेकची आणि दाराची. त्या गाडी सुरू करत नाहीत, नको तेव्हा अडवतात. बॉनेट उघडं आहे, कुणाचा तरी हात पंख्याजवळ असेल, सुरू करू नकोस. हँडब्रेक ओढलेला नाही, सुरू करू नकोस. किल्ली न लावता कुणी ब्रेक दाबला, चोर असेल, बंद हो.

सगळ्यात हुशार दाराची वायर. आपल्याकडे बऱ्याच गाड्या हातानं गिअर टाकायच्या. त्यांच्यासाठी चांगल्या पेट्यांमध्ये एक रीत असते. गाडी न्यूट्रलला ठेवायची, हँडब्रेक ओढायचा, इंजिन चालू ठेवूनच किल्ली काढायची आणि उतरून दारं लावायची. मग पेटी स्वतः इंजिन बंद करते. इंजिन चालू असताना क्लच मोकळा आहे आणि गाडी हललेली नाही, म्हणजे ती न्यूट्रललाच आहे, हे तिला उमगतं. नंतर एकदा जरी दार उघडलं, तरी ती रिमोटचं ऐकत नाही. न जाणो, कुणी गिअर टाकला असेल!

आमच्या गल्लीत एकांनी पाच वायरींवरच भागवलं होतं. क्लच दाबल्याशिवाय सेल्फ फिरू न देणारा गाडीतला स्विचही त्यांनी वायर जोडून निकामी केला. एका संध्याकाळी उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवली होती. मुलानं मित्रांना दाखवायला गॅलरीतून बटण दाबलं. गाडीनं दोन उड्या मारल्या आणि समोरची स्कूटर भिंतीशी चेपली. त्याच भिंतीवर खडूनं स्टंप काढलेले होते. बॅट्समन नुकताच पाणी प्यायला गेला होता.

बंद गॅरेजमध्ये तर हे बटण दाबूच नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्यानं माणूस दगावतो.

आणि कायदा? मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १२६ वाचा. सार्वजनिक जागी थांबलेल्या गाडीत चालकाच्या सीटवर लायसनवाला माणूस हवा. नसेल तर इंजिन बंद करून ब्रेक लावलेले किंवा गाडी आपोआप हलणार नाही असा दुसरा बंदोबस्त केलेला हवा. तुमची गाडी रस्त्यावर उभी असते असं तूच लिहिलंयस. म्हणजे आई बरोबर! काही ऑटोमॅटिक गाड्यांना ही सोय कंपनीतूनच येते. ती आपल्या अंगणात, मोकळ्या हवेत ठीक.

मामाला अगदीच हिरमुसला करायला नको. त्यानं दोन फॉग लॅम्पही आणलेत ना? डिसेंबरात निफाडकडे पहाटे निघालात तर धुक्यात कामाला येतील. दिवे प्रत्येकी ५५ वॉटचे, बॅटरी १२ व्होल्टची. वॉटला व्होल्टनं भागलं की अँपिअर मिळतात. दोन्ही दिव्यांना मिळून फ्यूज कितीचा घालशील, ५ चा, १५ चा की ३० चा? वायर १५ अँपिअर सोसणारी आहे. बाकीच्यांनीही गणित सोडवा आणि उरलेले दोन फ्यूज का चालणार नाहीत ते पोस्टकार्डावर लिहून पाठवा.

तुमचा,
यंत्रकाका